वेगळं नेटवर्क येईल तेव्हा येईल, बोलण्याचे गट आजच ठरवा

प्रश्न शिरोळ तालुक्यातल्या एका अग्निशमन केंद्राच्या तरुण अधिकाऱ्यांचा आहे. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका अशा सेवांसाठी वेगळं ब्रॉडबँड नेटवर्क येणार असं ते ऐकतात. त्यांच्याकडे फायरमन, बोटचालक आणि आपदा मित्र, म्हणजे प्रशिक्षित स्वयंसेवक, आहेत. या माणसांना तयार कसं करायचं, आणि हँडसेट हातात आल्यावर दोन दिवसांचं प्रशिक्षण पुरेल का, असं त्यांनी विचारलंय.

दोन दिवसांत हँडसेट चालवायला नक्की शिकवता येईल. पण महापुरात कुरुंदवाडचा बोटचालक, काठावरचा पोलीस हवालदार, महावितरणचा लाइनमन आणि तहसीलमधले नायब तहसीलदार या चौघांनी एका गटात बोलायचं की वेगवेगळ्या, हे दोन दिवसांत ठरत नाही. त्याला बैठका लागतात, वाद होतात, वरिष्ठांच्या सह्या लागतात. नवी संपर्क यंत्रणा फसताना मी जिथे जिथे पाहिली, तिथे ती बहुतेक वेळा याच ठिकाणी फसली. म्हणून माझं उत्तर आधीच सांगतो. नेटवर्कची वाट न बघता बोलण्याचे गट ठरवा, बोलण्याची शिस्त लावा आणि हातातला वायरलेस सेट खाली ठेवू नका. मी बरीच वर्षं पोलिसांच्या बिनतारी संदेश यंत्रणेत काढली आणि आता कोल्हापूर-सांगली भागातल्या बचाव पथकांना संपर्काचं प्रशिक्षण देतो, त्या अनुभवावरून हे लिहितोय.

हे नेटवर्क म्हणजे नेमकं काय, ते आधी थोडक्यात. तंत्र आपल्या मोबाइलचंच, म्हणजे फोर-जी किंवा फाइव्ह-जी. फरक दोन. एक तर त्यासाठी लहरींचा एक पट्टा राखून ठेवलेला असतो. दुसरं म्हणजे त्यावर आपत्कालीन सेवांना प्राधान्य असतं आणि वेळ पडली तर इतरांना बाजूला सारून त्यांना जागा दिली जाते. अमेरिकेने २००१ च्या हल्ल्यानंतरच्या अनुभवातून धडा घेत २०१२ मध्ये कायदा करून फर्स्टनेट नावाचं असं नेटवर्क उभारायचं ठरवलं, ७०० मेगाहर्ट्झच्या भागात २० मेगाहर्ट्झचा पट्टा दिला आणि २०१७ मध्ये एटी अँड टी कंपनीला २५ वर्षांचं कंत्राट दिलं. दक्षिण कोरियाने २०१४ च्या सेवोल जहाज दुर्घटनेनंतर या कामाला वेग दिला आणि २०२१ मध्ये देशभराचं जाळं सुरू केलं. ब्रिटनची गोष्ट वेगळी आहे. तिथली जुनी टेट्रा रेडिओ यंत्रणा २०१९ च्या अखेरीस बंद करून नव्या नेटवर्कवर जायचं ठरलं होतं. ते वेळापत्रक पुन्हा पुन्हा पुढे गेलं आणि जुन्या यंत्रणेची मुदत वाढवत राहावी लागली. आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामकाने जून २०१८ मध्ये अशा नेटवर्कच्या शिफारशी केल्या, पण देशव्यापी जाळं अजून उभं राहिलेलं नाही. रेल्वेला मात्र २०२१ मध्ये ७०० मेगाहर्ट्झमध्ये ५ मेगाहर्ट्झ मिळाले, म्हणजे सेवेसाठी लहरी राखून ठेवायची कल्पना आपल्याकडे परकी नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की तुमच्या हातात अजून वेळ आहे.

साध्या मोबाइलवर भागत नाही, हे कोल्हापूरकराला वेगळं समजवायला नको. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर लाखो माणसं जमतात तेव्हा फोनला रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, पण फोन लागत नाही. टॉवर जागेवर असतो, वीज असते, फक्त गर्दी असते. प्रत्येक सिमकार्डात एक प्रवेश वर्ग लिहिलेला असतो. तुमच्या-माझ्या सिममध्ये तो ० ते ९ मधला एक असतो. ११ ते १५ हे खास वर्ग आहेत आणि त्यातला १२ सुरक्षा सेवांसाठी, १३ वीज-पाण्यासारख्या सेवांसाठी आणि १४ आपत्कालीन सेवांसाठी ठेवलेला आहे. टॉवरवर फार ताण आला की साध्या वर्गांना थोपवून या वर्गांना आत घेण्याची सोय मोबाइलच्या तांत्रिक मानकातच आहे. म्हणजे प्राधान्य ही काही जादू नाही. ते सिममध्ये लिहावं लागतं, नेटवर्कमध्ये चालू ठेवावं लागतं, आणि कोणाला द्यायचं याची यादी कोणीतरी करावी लागते.

ती यादी करणं हे तुमच्या तयारीचं पहिलं काम. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम २० मध्ये सार्वजनिक आणीबाणीत मदतकार्यासाठी अधिकृत केलेल्या लोकांचे संदेश प्राधान्याने पोचवण्याची तरतूद आहे. पण अधिकृत कोण, हे तालुक्याच्या पातळीवर कोणी लिहून ठेवलेलं नसेल तर तरतूद कागदावरच राहील. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्याबद्दल वाद होणार नाही. त्यापुढच्या नावांवर होईल. माझ्या मते महावितरण पहिल्याच यादीत हवं. शिरोळसारख्या सपाट भागात पाणी चढतं तसतशी बोट विजेच्या तारांच्या जवळ जाते. त्या भागाला वीज देणारी लाइन, म्हणजे फिडर, बंद आहे की नाही हे बोटीला खात्रीने कळलं पाहिजे, आणि ते बोट निघण्याआधी कळलं पाहिजे. पाटबंधारे विभागाचा पूर नियंत्रण कक्षही हवाच. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरल्यावर आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी येतं. ती बातमी पथकाला टीव्हीवरून कळता कामा नये. ट्रॅक्टर, जेसीबी आणि होड्या घेऊन धावणारे गावकरी यांना प्राधान्याचं सिम देता येणार नाही. पण त्यांच्याशी बोलणारा एक माणूस प्रत्येक काठावर नेमता येतो, आणि त्याचं नाव यादीत असलं पाहिजे.

आता गटांकडे येतो. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण काम खरं इथेच आहे.

आज पोलिसांची फ्रिक्वेन्सी वेगळी, अग्निशमनची वेगळी, बाहेरून येणाऱ्या एनडीआरएफच्या तुकडीची आणखी वेगळी. एकाच काठावर खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोन जण एकमेकांच्या सेटवर बोलू शकत नाहीत. निरोप वर जातो, नियंत्रण कक्षात एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात पडतो आणि मग खाली येतो. या फेऱ्यात वेळ जातो आणि गावाचं नावही बदलतं. हे टाळायला लोकांनी स्वतःच तोडगा काढला तो व्हॉट्सअॅप ग्रुपचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या जिल्ह्यात असे किती ग्रुप झाले याची गणतीच नाही. त्यातून लोक वाचले, हे मी मनापासून मान्य करतो. पण तिथे सकाळी अकराचा मेसेज दुपारी तीनला उगवतो, फॉरवर्ड होऊन परत येतो, आणि सुटका झालेल्या कुटुंबासाठी दुसरी बोट निघते. बोललेलं सगळ्यांनी त्याच क्षणी ऐकलं, याची खात्री तिथे कोणीच देत नाही.

नव्या नेटवर्कवर बोलणं वायरलेससारखंच असतं. बटण दाबलं की एकजण बोलतो आणि गटातले सगळे ऐकतात. याचं मानक २०१६ मध्ये पक्कं झालं आणि त्यात बटण दाबल्यापासून बोलायची परवानगी मिळेपर्यंतचा वेळ ३०० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी अपेक्षा आहे. व्हिडिओ आणि डेटाचं मानक त्याच्या पुढच्या आवृत्तीत आलं. फरक असा की इथे गट फ्रिक्वेन्सीला बांधलेला नसतो. तो सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि नियंत्रण कक्षातला माणूस काही मिनिटांत नवा गट करू शकतो, त्यात पोलीस, फायर, महावितरण कोणालाही घालू शकतो.

ही सोय आहे आणि धोकाही. गट करणं सोपं झालं की ते वाढतात. चालू कामात माणूस एक गट नीट ऐकू शकतो. दुसरा कसाबसा, तिसरा अजिबात नाही. म्हणून माझा आग्रह असा की गट खात्यांच्या नावाने करू नका, जागेच्या आणि कामाच्या नावाने करा. "कुरुंदवाड काठ" हा एक गट: त्या काठावरच्या सगळ्या बोटी, बंदोबस्ताचे पोलीस, उभी असलेली १०८ ची गाडी, लाइनमन आणि गावकऱ्यांशी बोलणारा तो एक माणूस. तसाच "नृसिंहवाडी काठ". प्रत्येक काठाचा एक प्रमुख, आणि फक्त हे प्रमुख तालुक्याच्या गटात. तालुक्याचा समन्वयक तेवढा जिल्ह्याच्या गटात. बोटीवरच्या माणसाला जिल्ह्याचा गट कधीच ऐकू येता कामा नये. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात जिल्हाधिकारी जबाबदार अधिकारी आणि त्यांच्या खाली घटनास्थळाचा कमांडर ही उतरंड स्पष्ट आहे. तुमचे गट त्या उतरंडीवर बसवा, म्हणजे बैठकीत वाद झाला तर हातात आधार राहील.

बैठकीत वाद होतीलच. पोलीस म्हणतील, आमचं बोलणं सगळ्यांना ऐकवता येणार नाही. त्यांचं बरोबर आहे. त्यांचा स्वतःचा गट त्यांच्याकडेच राहू दे, काठाच्या गटात त्यांचा एक माणूस असला की झालं. कोणीतरी म्हणेल, स्वयंसेवकांना हँडसेट कशाला. आपदा मित्रांचं प्रशिक्षण झालेलं असतं, त्यांना काठाच्या गटात आणा. इतरांना ऐकण्यापुरता प्रवेश देता येतो. आणि शिरोळचा म्हणून एक खास प्रश्न आहे: सीमा. आपल्या शेवटच्या गावांत फोन कर्नाटकातल्या टॉवरला जाऊन बसतो. पलीकडचं पथक वेगळ्या राज्याचं, वेगळ्या नियंत्रण कक्षाचं. पाणी मात्र एकच. सीमेवरच्या काठांसाठी पलीकडच्या कोणाशी बोलायचं, कोणत्या भाषेत, हे जिल्हा पातळीवर लिहून घ्या. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा माणूस तुमच्या तालुक्यात शोधावा लागत नाही. फक्त त्याची ड्युटी त्या जागी लावावी लागते.

गट ठरले की बोलण्याची शिस्त. ती शिकवायला नवा हँडसेट लागत नाही, आजच्या वॉकी-टॉकीवर शिकवता येते.

पहिली गोष्ट नावांची. आपल्या जिल्ह्यात "शिरोली" म्हटलं तर पुलाची शिरोली की शिरोली दुमाला? एक हातकणंगल्यात, दुसरी करवीरमध्ये. नुसतं "वाडी" म्हटलं की शिरोळचा माणूस नृसिंहवाडी समजतो आणि पन्हाळ्याकडचा वाडी रत्नागिरी. बाहेरून आलेल्या तुकडीला यातलं काहीच माहीत नसतं. गावाचं नाव पूर्ण, तालुक्यासह, आणि जोडीला एक ओळखीची खूण असं बोलायची सवय लावा. नव्या नेटवर्कवर नकाशावर ठिकाण पाठवता येईल. तरी तोंडी नाव बंद करू नका, कारण पुरात रस्ता, ओढा आणि शेत यांतला फरक नकाशाला कळत नाही.

दुसरी गोष्ट आकड्यांची. राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण फूट-इंचात सांगतो, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. विसर्ग क्युसेकमध्ये. अलमट्टीची पातळी मीटरमध्ये. एककाशिवाय आकडा बोलायचाच नाही, असा नियम करा. "त्रेचाळीस झालं" हे वाक्य चालणार नाही. "राजाराम बंधारा, त्रेचाळीस फूट, चार-तीन" असं हवं.

तिसरी गोष्ट मराठी वाक्याच्या घडणीतून येते आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. "बोट सोडू नका" म्हणताना अंगठा अर्धा सेकंद आधी उचलला गेला, तर समोरच्याला "बोट सोडू" एवढंच ऐकू जातं. वायरलेसवर हे होतं आणि नव्या यंत्रणेतही होणार आहे. म्हणून मनाई करताना आधी "थांबा" म्हणायचं, मग वाक्य, मग पुन्हा "थांबा". ऐकणाऱ्याने ते उलट म्हणून दाखवायचं. उलट उत्तर आलं नाही तर निरोप पोचलाच नाही असं धरायचं. सुरुवातीलाही एक काळजी घ्यायची. नव्या हँडसेटवर बटण दाबल्यावर परवानगीचा टोन येतो, त्यानंतरच बोलायचं. घाईत माणूस टोनआधी सुरू होतो आणि पहिला शब्द जातो. पहिला शब्द बहुधा ज्याला हाक मारली त्याचं नाव असतं. मग कोणालाच वाटत नाही की आपल्याला बोलावलंय.

जुन्या वायरलेस ऑपरेटरांना या प्रशिक्षणात आवर्जून बोलवा. स्क्रीन त्यांना कदाचित अवघड जाईल, पण कमी शब्दांत नेमकं बोलायचं कसं हे त्यांच्याइतकं कोणाला येत नाही. एक जुना ऑपरेटर आणि एक तरुण फायरमन अशी जोडी लावा. दोघंही भराभर शिकतात, मी पाहिलंय.

प्रशिक्षणाचा सगळ्यात मोठा वाटा मात्र मैदानातल्या माणसांना देऊ नका. तो नियंत्रण कक्षातल्या माणसांना द्या. आज तिथला कर्मचारी फोन उचलतो आणि वहीत नोंद करतो. उद्या त्याच्यासमोर नकाशा असेल, नकाशावर प्रत्येक हँडसेट हलताना दिसेल, गट जोडायचे आणि तोडायचे अधिकार त्याच्याकडे असतील, आणीबाणीचं बटण कोणी दाबलं तर पहिला आवाज त्याचा जाईल. ही वेगळी नोकरी आहे आणि तिला वेगळी माणसं, पाळ्या आणि सराव लागतो. ऐन पावसाळ्यात दुसऱ्या विभागातून उसना आणलेला कारकून तिथे बसवून चालणार नाही, मग तो कितीही मेहनती असो.

वरिष्ठांनाही एक सत्र घ्या. नकाशावर बोट दिसायला लागली की वरून ती चालवायचा मोह होतो. "डावीकडे वळा, तिकडे का थांबलात?" असं जिल्ह्याच्या ठिकाणाहून बोललं जातं. बोटीसमोर पाण्याखाली कुंपण आहे, प्रवाहाला ओढ आहे, हे बोटीतल्या माणसालाच दिसतं. ठिकाण दिसतं ते त्याच्या सुरक्षेसाठी. बोटीचा निर्णय बोटीवर आणि काठाच्या प्रमुखाकडे. हे लेखी असावं आणि त्यावर वरिष्ठांची सही असावी.

आणीबाणीचं बटण दाबल्यावर त्या माणसाचं बोलणं इतरांचं थांबवून पुढे जातं. ते बटण फक्त पथकातल्या माणसाच्या स्वतःच्या जिवाला धोका असेल तेव्हाच दाबायचं. बोटीत, गर्दीत, खिशात ते चुकून दाबलं जाणार, हे धरूनच चला. तरीही समोरून आवाजात खात्री होईपर्यंत तो इशारा खरा मानायचा.

आता व्हिडिओ. ब्रॉडबँड म्हटलं की सगळ्यांना ड्रोनचं थेट चित्र आठवतं. ते उपयोगी आहे, मी नाकारत नाही. पुरात कोणत्या छतावर माणसं आहेत हे ड्रोन झटकन दाखवतो. पण हँडसेटकडून टॉवरकडे माहिती पाठवायची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. चांगल्या दर्जाच्या एका चित्राला सेकंदाला २ ते ४ मेगाबिट लागतात, आणि टॉवरच्या कक्षेच्या कडेला असणाऱ्या हँडसेटला ते पेलवताना सगळ्यांचाच वाटा कमी होतो. चार-पाच कॅमेरे एकदम सुरू झाले की एक टॉवर गुदमरू शकतो, राखीव लहरी असल्या तरी. माझा नियम साधा आहे: चित्र बघणारा आणि त्यावरून निर्णय घेणारा माणूस नावानिशी ठरलेला असेल तरच कॅमेरा चालू करायचा. नाहीतर एक स्थिर फोटो पाठवा, तो पुरतो. आणि चित्रात लोक असतात, त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी. ते हँडसेटमधून बाहेर जाणार नाही याची यंत्रणा हवी. हरवलेला हँडसेट दूरवरून पुसता आला पाहिजे आणि पाळी बदलली की लॉगिनही बदललं पाहिजे.

हँडसेट निवडताना तुम्हाला विचारलं जाईल अशी आशा आहे. विचारलं तर माहितीपत्रकापेक्षा ओल्या हातांनी तपासा. पावसात टचस्क्रीन चालत नाही, म्हणून बोलायचं बटण बाजूला, मोठं आणि हातमोज्यातून कळणारं हवं. ओबीएमच्या, म्हणजे बोटीच्या इंजिनाच्या, आवाजात काय ऐकू येतं ते बोटीत बसूनच बघा. एका कानात इअरपीस लागेल, दोन्ही कानांत कधीच नको. वायरलेस सेट एका पाळीला पुरतो, पण स्क्रीन, जीपीएस आणि कॅमेरा चालू असलेला हँडसेट त्याच्या आधीच मान टाकू शकतो. जादा बॅटऱ्या, त्या चार्ज करायची सोय आणि त्या कोरड्या ठेवायच्या पिशव्या, हे खरेदीच्या पहिल्याच प्रस्तावात घाला. नंतर वेगळे पैसे मिळवणं किती कठीण असतं, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे.

शेवटी सगळ्यात अप्रिय भाग. हे नेटवर्क बंद पडेल.

अमेरिकेत २५ डिसेंबर २०२० ला नॅशव्हिलमध्ये दूरसंचार इमारतीबाहेर स्फोट झाला आणि त्या भागातली फर्स्टनेटची सेवाही कोलमडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये एटी अँड टीच्या नेटवर्कमध्ये बदल करताना चूक झाली आणि देशभर सेवा गेली, फर्स्टनेटही काही तास गेलं. त्याच्याआधी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात वणव्याशी लढणाऱ्या एका अग्निशमन दलाच्या संपर्क वाहनाचा डेटा व्हेरायझन या दुसऱ्या कंपनीने मंद केला होता, कारण ठरलेली मर्यादा संपली होती. ते साधं व्यापारी कनेक्शन होतं. हा तिसरा प्रसंग आज तुम्हाला सर्वांत जवळचा आहे. तुमच्या पथकाची सिम कोणत्या प्लॅनवर आहेत, रोजची मर्यादा किती आहे आणि मर्यादा संपल्यावर काय होतं, हे पावसाळ्याआधी तपासा.

आपल्याकडे टॉवरला वीज लागते. महापुरात वीज जाते, टॉवरच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात, पुढे डिझेल लागतं. पुलाची शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला की डिझेलचा टँकर तिथेच अडकतो. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा हा महामार्ग बंद होता. तुमच्या तालुक्यातले कोणते टॉवर उंचावर आहेत आणि कोणत्यांचा जनरेटर जमिनीलगत आहे, ही माहिती दूरसंचार कंपन्यांकडून मागा. जिल्हाधिकाऱ्यांच्या मार्फत मागितली तर मिळते. डिझेल पोचवायचा क्रमही त्यांच्याशी आधीच ठरवून घ्या.

टॉवर गेला की हातात काय उरतं? हँडसेट एकमेकांशी थेट बोलण्याची सोय मानकात आहे, पण साध्या हँडसेटची प्रक्षेपण शक्ती ०.२ वॅट असते. तुमच्या व्हीएचएफ वॉकी-टॉकीची ५ वॅट. नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर, मध्ये ऊस आणि घरं असताना, कोणता आवाज पोचेल हे वेगळं सांगायला नको. गगनबावड्याच्या घाटात किंवा दाजीपूरच्या जंगलात तर टॉवर असतानाही सिग्नल न पोचणारी सावलीची जागा सापडते. म्हणून वायरलेस राहणार. अमेरिकेतही बहुतेक दलांनी आवाजासाठी जुने रेडिओ सोडलेले नाहीत. दोन्ही यंत्रणा गेटवेने, म्हणजे मधल्या जोडयंत्राने, जोडता येतात, पण मग नव्या हँडसेटवर आवाज किंचित उशिरा येतो. एका बोटीत दोन्ही सेट शेजारी ठेवले तर शिट्टी वाजते आणि शब्द दोनदा ऐकू येतात. कोणता सेट कोणाच्या हातात, हेही त्यामुळे ठरवून घ्यावं लागतं.

हे सगळं एका चाचणीत तपासता येतं आणि ती तुम्ही या मे महिन्यातच घेऊ शकता. बोटी पाण्यात उतरवायच्या आधी आहे त्या मोबाइलवर बटण दाबून बोलायचं एखादं अॅप चालवा, वर सांगितल्याप्रमाणे काठाचे दोन गट करा, पोलीस, महावितरण आणि रुग्णवाहिका यांना एकेक माणूस पाठवायला सांगा. प्रसंग खरा ठेवा. रात्र, पाऊस, एका घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा, दुसऱ्या घरात बाळंतीण, तारेखालून जाणारा रस्ता. प्रत्येक काठावर एक निरीक्षक फक्त लिहायला ठेवा: कोणी काय बोललं, किती वेळाने उलट उत्तर आलं, कुठलं गाव चुकीचं ऐकलं गेलं. आणि चाचणीच्या मध्यावर, कोणालाही न सांगता, सगळ्यांचा डेटा बंद करायला लावा. अशा वेळी पहिली काही मिनिटं लोक हँडसेटकडे बघत राहतात, पुन्हा पुन्हा बटण दाबतात. मग कोणीतरी वायरलेस उचलतो. कोणत्या चॅनेलवर जायचं हे त्याला आठवतं का, बाकीचे तिथे भेटतात का, बोटी काठाला परत यायच्या की काम चालू ठेवायचं हे त्यांना माहीत आहे का, ते बघा. डेटा गेल्यापासून शेवटची बोट वायरलेसवर उत्तर देईपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजा, आणि तो आकडा गटांच्या तक्त्यासोबत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला लेखी पाठवा. पुढच्या वर्षी चाचणी घ्याल तेव्हा तो शेजारी ठेवता येईल.